कच्चं लायसन

६ एप्रिल

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. शेवटी काल भिंगरीने उचलला आणि म्हणाली, "आई अंघोळीला गेलीय, मावशी." मागून तुझाच आवाज येत होता. इस्त्रीवाल्याला झापत होतीस. म्हणून हे पत्र. पत्र तुला कट करता येणार नाही, फार तर फाडशील.

मंगळवारी टेस्टच्या मैदानावर तू जे बोललीस ते सगळ्या रांगेने ऐकलं. "तुझा कायदा तुला लखलाभ. आजपासून मला बहीण नाही." आमचा शिपाई अजून मला चहा देताना खाली बघतो. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तू दमलेली होतीस. मीही दमलेली होते. त्या दिवशी तुमच्या आधी एकतीस पोरांची टेस्ट घेतली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना क्लच म्हणजे नक्की कुठला पाय हे अजून कळायचं होतं.

माझी चूक आधी सांगते. भिंगरीची टेस्ट मी घ्यायलाच नको होती. नात्यातला उमेदवार असेल तर दुसऱ्या परीक्षकाकडे द्यायचा, असा आमच्याकडे नियम आहे. पहिल्या वेळी ती ब्रेकसाहेबांकडे गेली होती. (पोरांनी ठेवलेलं नाव. ते शेजारी बसतात आणि पूर्ण वेळ त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला असतो.) गाडी मागे घेताना तिने दोन शंकू पाडले. मग तू माझ्या घरी आलीस आणि म्हणालीस, "आता तूच घे. तुझी भाची आहे, कुणी परकी नाही." त्याच दिवशी तू कप्तानच्या डोळ्यांचं सांगितलंस. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय, उरलंय ते नळकांड्यातून बघावं तेवढं. तुझ्याशी लग्न झाल्यापासून बावीस वर्षं त्याने तुमच्या लॉन्ड्रीची गाडी चालवली. हॉस्पिटलच्या चादरी सकाळी सातच्या आत पोचल्या नाहीत तर दुसरी लॉन्ड्री टपलेलीच आहे. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी हो म्हणाले. पोरगी चालवते चांगली. पास होईल, कुणाचं काही बिघडणार नाही, असं वाटलं.

पण थांबरेषेवर ती थांबली नाही. रस्ता रिकामा होता हे खरं. तरी रेषा ती रेषा. तिथे न थांबणारा सरळ नापास, बाकीचे गुण मोजायचेसुद्धा नाहीत. मी कागदावर जे झालं तेच लिहिलं.

तुला आठवतं का, ती पहिल्यांदा स्कूटरच्या कच्च्या लायसनला आली होती तेव्हा अठरा पूर्ण नव्हती, म्हणून फॉर्मवर तुझी सही लागली. तू इतकी दाबून सही केलीस की कागद फाटला आणि दुसरा फॉर्म भरावा लागला. दोन्ही कान दिसणारा फोटो, जन्माचा दाखला, डोळ्यांचा तक्ता, मग खुणांची परीक्षा. पंधरापैकी पंधरा. बरोबरची पोरं एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावत होती आणि ही पाच मिनिटांत उठली. तेव्हा तू माझ्याकडे बघून हसली होतीस.

सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. अर्ज भरा. ब्रेकसाहेबांकडे.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझं मौन म्हणजे काय ते मला तू चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

रविवारी दुपारी भिंगरी माझ्याकडे येते, हे तुला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर आता झालं. येते, जेवते, खिडकीत पाय वर घेऊन बसते. फारसं बोलत नाही. मीही विचारत नाही. आठवडाभर पोरांना प्रश्न विचारून माझी जीभ झिजते, रविवारी कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.

तिने तिसऱ्या टेस्टचा अर्ज अजून भरलेला नाही. तारखा मिळत नाहीत असं तिने तुला सांगितलं असेल. तारखांचं मी काही बोलत नाही.

तिच्या नावाचं एक पाकीट माझ्या पत्त्यावर आलं होतं. कुठल्याशा कॉलेजचं. या वयात पोरं दहा ठिकाणी अर्ज करतात.

तुम्ही ठेवलेला ड्रायव्हर पाच दिवसांत पळाला असं कळलं. स्टीअरिंग कसं धरायचं हे तू त्याला शिकवत होतीस म्हणे. अगं, तुला स्वतःला गाडी येत नाही. दुसरा ठेव, आणि त्याच्या शेजारी बसू नकोस.

आमच्या शिपायाने परवा सकाळी तुमची गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला पाहिली. हळू चालली होती म्हणाला. नवा माणूस मिळाला असेल तर बरं झालं. हळू चालवणारा असेल तर आणखी बरं.

माझे गुडघे दुखतात. दिवसाला चाळीस वेळा गाडीत चढा आणि उतरा. डॉक्टर म्हणतात, बसून करायचं काम बघा. मी म्हटलं, अहो, बसूनच तर करते.

एकदा फोन उचल.

ताई


२१ मे

धाकटे,

हे पत्र लांबेल. सगळं वाच. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

काल कप्तान ऑफिसात आला होता. एकटा, बसने. लायसनची मुदत संपत आली म्हणून नूतनीकरणाला. तू पाठवलंस की तुला न सांगता आला, हे त्याने सांगितलं नाही. नेमकी त्या खिडकीवर मी होते, कारण तिथली बाई बाळंतपणाच्या रजेवर आहे.

डोळ्यांचा तक्ता आमच्याकडे तोच आहे, अकरा वर्षं. ड्रायव्हिंग शाळावाले तो पोरांकडून पाठ करून घेतात हे आम्हाला माहीत आहे. मी काठी तिसऱ्या ओळीवर ठेवली. कप्तानने चौथी ओळ म्हणून दाखवली. घडाघडा, एक अक्षर चुकलं नाही. पाठांतर पक्कं, पण काठी कुठे आहे तेच त्याला दिसत नव्हतं.

मी काठी खाली ठेवली आणि त्याला आतल्या खोलीत नेलं.

"कप्तान, सध्या गाडी कोण चालवतं?"

"मीच," म्हणाला. "म्हणजे आम्ही दोघं. ती शेजारी बसते. डावीकडे सायकल, पुढे खड्डा, सिग्नल लाल, असं ती सांगते आणि मी करतो. ताई, बावीस वर्षांचा संसार आहे. ती सांगेल तिकडे वळायची सवय आहे मला."

हसत होता. मला हसू आलं नाही.

"आणि बंपरला काय झालं? शिपाई म्हणत होता, चेपलाय."

"हॉस्पिटलचं फाटक. ती म्हणाली, उघडं आहे. अर्धंच उघडं होतं."

त्या फाटकातून सकाळी साडेसहाला रात्रपाळीच्या नर्स बाहेर पडतात, धाकटे. घोळक्याने. फाटक होतं म्हणून लोखंड चेपलं.

मी त्याचं लायसन ठेवून घेतलं. रद्द करण्याच्या कागदावर त्याची सही घेतली. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवावं लागलं. त्याने कार्ड दोन्ही हातांनी दिलं, जणू माझ्या हातात तान्हं मूल देतोय. भांडला नाही. "सुटलो," एवढंच म्हणाला. मग उठताना म्हणाला, "तिला मात्र तुम्ही सांगा, ताई. मी नाही सांगणार." मी त्याला बसमध्ये बसवून आले.

आता तू म्हणशील, आधी पोरीला नापास केलं, मग नवऱ्याचं लायसन काढून घेतलं, ही माझ्या घरावर नांगर फिरवायलाच बसली आहे. म्हण. पण त्याआधी मला जे सांगायचं आहे ते मी दीड महिना दाबून ठेवलंय.

भिंगरी मुद्दाम नापास झाली. दोन्ही वेळा.

थांबरेषा ओलांडल्यावर मी तिला गाडी कडेला घ्यायला सांगितली. तिने घेतली. आरशात बघून, इंडिकेटर देऊन, कडेपासून वीतभर अंतर ठेवून. अठरा वर्षांत इतकी नेटकी गाडी कडेला घेणारी पोरं मी बोटांवर मोजण्याइतकी पाहिली आहेत.

मी विचारलं, "रेषा दिसली नाही का?"

"दिसली."

"मग?"

ती वायपरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी पास झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्या गाडीत असणार. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग कधीच नाही असा दिवस येणार नाही. शंकूसुद्धा मीच पाडले होते."

"आईला सांग की."

"तू सांगतेस?" ती म्हणाली.

मी गप्प बसले. तिला एका लांबच्या गावी जमीन मोजणीच्या कोर्सला जागा मिळाली आहे, दोन वर्षांचा, एक जुलैला सुरू. फीसुद्धा माफ आहे. ते पाकीट त्याचंच. शेवटी ती म्हणाली, "तू पास केलंस तरी चालेल मला. पण मी थांबले नाही हे खरं आहे. तेवढं लिही." आणि मी लिहिलं. मग आम्ही मैदानावर परत आलो आणि तू मला बोललीस, आणि ती तुझ्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं नाही.

मी खोटं एक अक्षरही लिहिलं नव्हतं, याच्या आधारावर मी इतके दिवस झोपत आले. पण मी गप्प बसले त्याचा परिणाम असा की एक आंधळा होत चाललेला माणूस महिनाभर भरल्या रस्त्यावर गाडी चालवत होता. मला वाटलं होतं तुम्ही ड्रायव्हर ठेवाल. तू असं काही करशील हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी तुला ओळखते.

अजून एक, आणि मग संपवते. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि तू अकरा. त्याच महिन्यात मला दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं पत्र आलं होतं. आईला आणि तुला सोडून जाणं शक्य नव्हतं. मी पत्र चुलीत घातलं आणि इथेच कारकुनाची जागा धरली. तुला कधी सांगितलं नाही. आभार मानावेत म्हणून आत्ताही सांगत नाही. सांगते ते यासाठी की भिंगरी वायपरकडे बघत होती तेव्हा मला बरं वाटलं. नुसतं तिच्यासाठी नाही. तुझ्या घरातलं कुणीतरी तुला सोडून जाणार, या वेळी अडकून पडणारी मी नसेन, तू असशील, याचंही मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

आता तुला राग धरायला खरं कारण आहे. आधीचं खोटं होतं.

पोरीला मारू नकोस.

ताई


१२ जून

धाकटे,

सोबत भिंगरीचं लायसन आहे. कार्ड पोस्टानेच पाठवायचं असतं, म्हणून त्याच पाकिटात या चार ओळी.

सोमवारी ती टेस्टला आली. तू पाठवलंस की ती आपणहून आली, मला कळलं नाही. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. मी वरच्या मजल्यावर फायली लावत होते. खिडकीतून मैदान दिसतं, पण मी खिडकीकडे पाठ करून बसले. तेवढा नियम या वेळी पाळला.

ब्रेकसाहेब नंतर वर आले आणि खुर्चीत बसून पाय चोळत म्हणाले, "ही पोरगी इतके दिवस काय करत होती? आज पहिल्यांदा माझ्या पायाला विश्रांती मिळाली." पन्नासपैकी पन्नास दिले आहेत. ते कुणाला पंचेचाळीसच्या वर देत नाहीत.

कप्तानचं जुनं कार्ड रद्द झालंय. त्याला ठेवून घ्यायचं असेल तर कोपरा कापून परत देता येतं. विचारून कळव, किंवा कळवू नकोस, मी ठेवून घेते माझ्या खणात.

मी बदलीचा अर्ज दिला आहे. मैदान नको, आतलं काही द्या म्हणून. गुडघ्यांचं कारण लिहिलंय. गुडघे हे खरंच कारण आहे, पण सगळं कारण गुडघ्यांत नाही. पोरं गाडीत बसताना माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघतात ते आता सोसत नाही. त्यांना वाटतं, माझ्या हातात त्यांचं सगळं पुढचं आहे. माझ्या हातात फक्त पेन असतं.

यापुढे मी लिहीत नाही. तुला हवं तेव्हा तू लिही.

ताई


४ जुलै

ताई,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. चादरींच्या पावत्यांपलीकडे वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नाही. जे आहे ते सरळ सांगते.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी बॉयलरच्या खोलीत उभ्याने वाचलं. परत वाचलं. चार दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी जेवताना ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" तर हे म्हणाले, "मीच शिकवलंय तिला. ती मागे घेताना गाडी अंगठीतून काढेल. तिच्याकडून शंकू पडतील का? पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

म्हणजे तिघांना ठाऊक. मी एकटी देवळातल्या घंटेसारखी. येणारा जाणारा मला वाजवून जातो, आणि मला वाटतं मीच आवाज करतेय. मी विचारलं, "मी एवढी काय वाघीण आहे, की घरात कुणाला माझ्याशी बोलता येऊ नये?" हे आमटीत बोट फिरवत बसले. भिंगरी रडायला लागली. कुणी "नाही" म्हणालं नाही. मग मला कळलं.

मारलं नाही तिला. ती म्हणाली, "आई, मी नाही जात. राहते." मी म्हटलं, "आता राहून माझ्यावर उपकार नको. आधी टेस्ट दे, खरी दे, आणि जायच्या दिवसापर्यंत गाडी चालव." ते तिने केलं. दोन आठवडे रोज सकाळी. एक दिवस उशीर नाही.

आणि मी कच्च्या लायसनला आले होते. तुला माहीत नसेल. तू मैदानावर असतेस ती वेळ बघून आले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पुढे मागे मिसरूडही न फुटलेली पोरं. एकाने विचारलं, "काकू, मुलाचा फॉर्म भरायला आलात का?" मी म्हटलं, "नाही रे, माझाच. माझ्या आईची सही आणायला विसरले." सगळी रांग हसली. मग तो पोरगा मला खुणा शिकवत बसला, कुठली गोल, कुठली तिकोनी. पंधरापैकी अकरा आले. अकरालाच पास असतात. फोटोत माझे कान हत्तीसारखे दिसतात.

भिंगरीने शिकवलं. ओरडते. "आई, आरसा! आई, मी सांगितलं होतं ना, आरसा!" मीच ओरडतेय असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी गाडी बंद केली आणि तिला सांगितलं, "असं बोलल्यावर समोरच्याला काही सुचत नाही गं." मग आम्ही दोघी हसलो, बऱ्याच दिवसांनी.

गेल्या शनिवारी ती गेली. ट्रंक मी भरली. बस सुटेपर्यंत मला धीट राहायचं होतं, राहिले. घरी आल्यावर हे म्हणाले, "रडून घे, मला तसंही नीट दिसत नाही." त्यांचं कार्ड त्यांना हवंय. कोपरा कापून चालेल.

नोकरीच्या पत्राचं तू लिहिलंस. मला माहीत नव्हतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, मी तुला थांब म्हटलं नव्हतं. पण तू थांबलीस, आणि मला वेळेवर डबा मिळाला, याच्यावर आत्ता काय लिहायचं ते सुचत नाही. सुचेल तेव्हा सांगीन. आणि तुला बरं वाटलं ते वाचून राग आला. अजून आहे. लवकर जाणार नाही.

आता कामाचं. माझी पक्क्या लायसनची टेस्ट एकोणीस तारखेला आहे. ब्रेकसाहेबांकडे घेतली आहे, तुझ्याकडे नाही. या आठवड्यात चादरी भाड्याच्या गाडीने पाठवल्या, दोनदा उशीर झाला, हॉस्पिटलच्या मेट्रनने तोंड सोडलं. गाडी मला नेता येते. पण कच्च्या लायसनवर एकटीने चालवायची नाही, शेजारी पक्क्या लायसनचं माणूस लागतं, हे तुमच्याच फॉर्मवर मागच्या बाजूला छापलंय. भिंगरी गेली. ह्यांचं तू काढून घेतलंस. म्हणजे आपल्या घरात पक्क्या लायसनची तूच एक उरलीस.

सोमवारी सकाळी सव्वासहाला ये. ऑफिसच्या आधी सोडते तुला. चहा करून ठेवीन, दारात उभ्यानेच प्यायचा, वेळ नसतो. गाडीत शिकवायचं नाही, मागचं काही काढायचं नाही. गप्प बसायचं.

समोर माणूस आलं तर तेवढं सांग.

धाकटी